चिकसॉ जमिनीवरचे पूर्वज आणि जुने नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी डॅलसला आणि जावई ओक्लाहोमाचा. नातू झाला तेव्हा हौसेने वंशावळ लिहायला घेतली, आमच्या बाजूच्या सात पिढ्या दोन दिवसांत झाल्या कारण कुलवृत्तांत कपाटातच होता, आणि जावयाच्या बाजूला मात्र त्याच्या आजीचं एक वाक्य सोडलं तर हातात काहीच नाही : "आमचे लोक चिकसॉ लँडवर राहायचे." त्या एका वाक्यावर माझी पाच वर्षं गेली. आता ओळखीपाळखीतली, अमेरिकेत सोयरीक झालेली बरीच मंडळी हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

चिकसॉ लँड म्हणजे नक्की कुठे?

हा पहिला प्रश्न आणि नव्वद टक्के घोळ इथेच होतो. चिकसॉ हे तिथले मूळ रहिवासी राष्ट्र, आणि त्यांची जमीन एक नाही, दोन. पहिली म्हणजे मूळची : आजच्या मिसिसिपीचा उत्तर भाग, अलाबामाचा वायव्य कोपरा, टेनेसी आणि केंटकीचा पश्चिम भाग. ही तुकड्यातुकड्यांनी हातची गेली, १८०५, १८१६, १८१८ असे एकामागोमाग करार झाले, आणि २० ऑक्टोबर १८३२ च्या पॉन्टोटॉक क्रीकच्या करारात उरलेली साठ लाख एकरांहून जास्त जमीनही गेली. दुसरी जमीन म्हणजे सातआठशे किलोमीटर पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाचा दक्षिण-मध्य भाग. जानेवारी १८३७ मध्ये डोक्सव्हिलला करार झाला, चिकसॉंनी ५ लाख ३० हजार डॉलर चोक्टॉंना (तेही असंच एक मूळ रहिवासी राष्ट्र) मोजले आणि त्यांच्या पश्चिमेकडच्या जमिनीत राहायचा हक्क विकत घेतला. म्हणजे स्वतःच्या घरातून बाहेर काढलेला माणूस स्वतःच्या खिशातून दुसऱ्याच्या घरात खोली घेतो, तसं. पुढे १८५५ च्या कराराने ते चोक्टॉंपासून वेगळे झाले, १८५६ मध्ये स्वतःची राज्यघटना केली आणि राजधानी टिशोमिंगोला.

त्यामुळे पहिलं काम काय तर पूर्वजाचं साल विचारा. १८३७-३८ च्या आधीचं असेल तर मिसिसिपीकडे बघा, नंतरचं असेल तर बहुतेक ओक्लाहोमाकडे. बहुतेक म्हणते, कारण चिकसॉ निघून गेल्यावरही मिसिसिपीतल्या लोकांनी त्या भागाला कितीतरी वर्षं चिकसॉ सेशनच, म्हणजे चिकसॉंनी सोडलेली जमीनच, म्हटलंय.

आमच्या कागदात "पॉन्टोटॉक" लिहिलंय, ते कुठलं?

अहो, मी याच नावापायी दोन महिने घालवलेत! माणसं नव्या जागी गेली ती गावांची नावं सोबत घेऊन गेली. मिसिसिपीत पॉन्टोटॉक नावाचं गाव आहे आणि काउंटीही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आहे. चिकसॉ नेशनमध्ये, म्हणजे चिकसॉंच्या ओक्लाहोमाकडच्या राष्ट्रात, पॉन्टोटॉक काउंटी होती, आजच्या ओक्लाहोमात एडा जिथे आहे ती पॉन्टोटॉक काउंटी पुन्हा वेगळी, सीमा जुळत नाहीत, आणि ओक्लाहोमातच त्या नावाचं एक छोटं गाव शेजारच्या जॉन्स्टन काउंटीत आहे. टेक्सासमध्येही एक पॉन्टोटॉक आहेच. टिशोमिंगोची तीच गत, पनोलाची तीच गत (पनोला काउंटी मिसिसिपीत, चिकसॉ नेशनमध्ये आणि टेक्सासमध्येही). कोल्बर्ट्स फेरी म्हणजे कोल्बर्ट या चिकसॉ घराण्याची होडी जिथे लागायची ती जागा, तीसुद्धा दोन ठिकाणी, एक अलाबामात टेनेसी नदीवर नॅचेझ ट्रेस नावाच्या जुन्या वाटेवर आणि दुसरी टेक्सासच्या सीमेवर रेड रिव्हरवर. आणि वर आयोवात चिकसॉ काउंटी आहे जिथे चिकसॉ कधी राहत नव्हते, नुसतं नाव दिलंय.

माझी चूक सांगते. जावयाच्या पणजोबांच्या बायबलमध्ये जन्म १८९४, पॉन्टोटॉक, आणि पुढे बारीक अक्षरात "आय. टी." मी ते कुणाच्या नावाची आद्याक्षरं समजले आणि मिसिसिपीची जनगणना चाळत बसले. आय. टी. म्हणजे इंडियन टेरिटरी! १९०७ च्या १६ नोव्हेंबरला ओक्लाहोमा राज्य झालं, त्याच्या आधी पूर्व ओक्लाहोमाच्या कागदांवर हेच लिहिलेलं असतं. (आणि हो, सर्चमध्ये नुसतं "इंडियन" टाकलंत तर आपलेच लोक निघतात, न्यू जर्सीवाले.)

तिथे राहायचे म्हणजे आमचे पूर्वज चिकसॉ होते ना?

असतीलच असं नाही, आणि हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. चिकसॉ नेशनमध्ये चार प्रकारची माणसं राहत होती. एक, स्वतः चिकसॉ. दोन, चिकसॉंशी लग्न करून आलेले. तीन, चिकसॉंनी गुलाम म्हणून ठेवलेली काळी माणसं आणि १८६६ नंतर त्यांचे स्वतंत्र झालेले वंशज, ज्यांना फ्रीडमेन म्हणतात. आणि चार, टेक्सास-अर्कन्सासकडून आलेले गोरे आणि काळे कुळवाले (दुसऱ्याची जमीन कसणारे), जे परमिटचे पैसे भरून किंवा न भरताच राहायचे, १८९० पर्यंत ह्यांची संख्या चिकसॉंपेक्षा कितीतरी जास्त झाली होती. जावयाचे पूर्वज शेवटी ह्या चौथ्या गटातले निघाले, कापूस पिकवणारे कुळ. आजी जे म्हणायची ते शंभर टक्के खरं होतं, चिकसॉ लँडवरच राहायचे, फक्त ती लँड त्यांची नव्हती.

नकाशा बघताना हे डोक्यात ठेवलं नाही तर फसगत होते, कारण चौथ्या गटातल्या माणसाच्या नावावर तिथे जमीन असूच शकत नव्हती, जमीन सगळ्या राष्ट्राची सामाईक, खरेदीखत नाही, काही नाही. मग लोक म्हणतात "रेकॉर्ड जळलं असेल". जळलं नाही हो, कधी नव्हतंच.

सुरुवात कुठून करायची?

जवळच्या काळापासून मागे. १७०० सालचा सुंदर रंगीत नकाशा फ्रेम करायला छान असतो पण त्याने आजोबा सापडत नाहीत. आधी एक माणूस, एक साल, एक जागा पक्की करा, पोस्ट ऑफिसचं नाव मिळालं तर उत्तम. १९०० ची जनगणना ह्या कामाला सोन्यासारखी आहे कारण इंडियन टेरिटरीत खेड्यांच्या पानांवर वरच्या बाजूला बऱ्याचदा गावाच्या नावाऐवजी टाउनशिप आणि रेंजचे आकडे असतात, म्हणजे जनगणनेनेच तुम्हाला नकाशाचा चौकोन हातात दिला. १८९० ची जवळजवळ सगळी आगीत गेली, तिच्या मागे लागू नका.

हे टाउनशिप, रेंज, सेक्शन काय प्रकरण आहे?

आपल्याकडे गाव, मग गट नंबर, मग सातबारा, तसंच, फक्त तिकडे गावाची हद्द ओढ्यानाल्यावरून न जाता सरळ पट्टीने आखलीय. एक उभी रेषा (मेरिडियन), एक आडवी (बेसलाइन), जिथे छेदतात तिथून सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन मोजायचे, तो टाउनशिप. वरखाली किती चौकोन गेलो ते टाउनशिपचा आकडा, डावी-उजवीकडे किती ते रेंज. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचे नंबर मात्र बैल नांगरतो तसे जातात, वरच्या उजव्या कोपऱ्यात १, डावीकडे जात ६, मग खाली ७ आणि परत उजवीकडे, असं करत खाली उजव्या कोपऱ्यात ३६. मी पहिल्यांदा सगळे डावीकडून मोजले होते आणि माणूस पाच मैल लांब टाकला होता.

मोजणी ६६ फुटी साखळीने. आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे ती साखळी चारी बाजूंनी फिरवली की बरोबर चार गुंठे, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. ८० साखळ्या म्हणजे एक मैल. माझे वडील भूमापनात होते, त्यांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं मग त्यात नवीन काय आहे."

आता खरी गोम. मेरिडियन कोणती हे लिहिलेलं नसेल तर आकडे निरुपयोगी. मिसिसिपीच्या उत्तरेला चिकसॉ मेरिडियन, तिची बेसलाइन साधारण टेनेसीच्या सीमेवर. ओक्लाहोमात इंडियन मेरिडियन, तिचा आरंभबिंदू १८७० मध्ये फोर्ट अर्बकलजवळ चिकसॉ नेशनमध्येच ठरवला. "टाउनशिप ४ साउथ, रेंज २ ईस्ट" हे चिकसॉ मेरिडियनवर मिसिसिपीतल्या रिप्लीच्या पश्चिमेला येतं आणि इंडियन मेरिडियनवर थेट आर्डमोरला. आकडे तेच आणि मध्ये अख्खं अर्कन्सास. अलाबामाच्या कोपऱ्याला तर तिसरीच, हंट्सव्हिल मेरिडियन.

मिसिसिपीकडचे कोणते नकाशे कामाचे?

१८३२ च्या करारानंतर सगळी जमीन मोजली गेली, मोजणीचं आणि विक्रीचं ऑफिस पॉन्टोटॉकला होतं. त्या मोजणीचे टाउनशिप-नकाशे अमेरिकेच्या सरकारी भूमी खात्याच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, मोजणीदारांच्या नोंदवह्याही शोधा, आणि नकाशापेक्षा नोंदवही जास्त बोलते असं माझं मत. माणूस साखळी ओढत सेक्शनच्या रेषेवरून चालतोय आणि लिहितोय : इतक्या साखळ्यांवर ओढा लागला, इतका रुंद, इतक्या साखळ्यांवर पायवाट, कोपऱ्यावर खुंटी मारली, खुंटीपासून अमुक दिशेला साखळीच्या इतक्या कड्यांवर पोस्ट ओक, बुंधा चौदा इंच. शेवटी माती कशी, तर "दुय्यम प्रतीची, उंचसखल". मध्येच एखादं शेत, एखादं घर. आपल्या पूर्वजाच्या परसातून कुणीतरी परका माणूस वही घेऊन चालत गेला आणि त्याने घराचं नाही, पण परसातल्या ओकच्या झाडाचं माप लिहून ठेवलं! मला त्या रात्री झोप नव्हती.

१८३४ मध्ये कराराची दुरुस्ती झाली आणि चिकसॉ कुटुंबांना माणशी हिशेबाने जमिनीचे वाटे मिळाले. दहा किंवा जास्त माणसांच्या घराला चार सेक्शन, पाच ते नऊ माणसांना तीन, त्याहून लहान घराला दोन, शिवाय गुलाम असतील तर वर अर्धा किंवा एक. वाटा विकायचा तर माणूस स्वतःचा व्यवहार सांभाळायला लायक आहे असं चिकसॉ प्रमुखांच्या सात जणांच्या समितीतल्या निदान दोघांनी लिहून द्यायचं, त्यात लेव्ही कोल्बर्ट आणि जॉर्ज कोल्बर्टही होते. बहुतेक वाटे लगेच सटोडियांकडे गेले, म्हणून सरकारी मालकीपत्रावर, म्हणजे पेटंटवर, नाव दलालाचं आणि आत कुठेतरी मूळ चिकसॉ माणसाचं. नुसत्या मोठ्या अक्षरातलं नाव उतरवून बंद करू नका, आतला मजकूर वाचा.

अंदाजासाठी एक सांगून ठेवते, चिकसॉ मेरिडियनवर ९ साउथ, ६ ईस्ट म्हणजे आजच्या टुपेलोच्या आसपास. जुनी चिकसॉ गावं ह्याच पट्ट्यात होती, १७३६ ची आकियाची लढाई पण इथलीच, ज्यात फ्रेंच हरले.

काउंटीचं नाव आहे पण त्या काउंटीत काहीच सापडत नाही. का?

कारण काउंटी तेव्हा वेगळी होती. चिकसॉ जमिनीतल्या बऱ्याच मिसिसिपी काउंट्या १८३६ मध्ये एकदम झाल्या आणि मग फुटत गेल्या. ली काउंटी, जिथे टुपेलो आहे, ती १८६६ ची, इटावांबा आणि पॉन्टोटॉकमधून काढलेली. जुनी टिशोमिंगो १८७० मध्ये फुटून अल्कॉर्न, प्रेन्टिस आणि उरलेली टिशोमिंगो अशा तीन झाल्या. घर तिथेच, शेत तिथेच, कचेरी बदलली. आपल्याकडे नाही का, १९६० च्या आधीचा कागद मुंबई राज्याचा निघतो. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंटी सीमांचा तारीखवार ॲटलस करून ठेवलाय, त्यात साल टाकून बघायचं.

ओक्लाहोमाकडे चिकसॉ नेशनच्या स्वतःच्या चारच काउंट्या होत्या : पनोला, पिकन्स, पॉन्टोटॉक, टिशोमिंगो. १९०७ ला त्या गेल्या. डॅलसवाल्यांनो, रेड रिव्हर ओलांडल्या ओलांडल्या विनस्टार कॅसिनो लागतो ना (चिकसॉ नेशनचाच तो), ती लव्ह काउंटी, म्हणजे जुनी पिकन्स.

ओक्लाहोमाकडे घराची नेमकी जागा कशी काढायची?

कुटुंब डॉझ रोलवर, म्हणजे जमीन वाटण्यासाठी केलेल्या नावांच्या सरकारी यादीवर, असेल तर सोपं. डॉझ कमिशन १८९३ ला नेमलं, नावनोंदणी मुख्यतः १८९८ ते १९०७, आणि मग सामाईक जमीन फोडून माणशी वाटली. नोंदणीच्या कार्डावर नावं, वय, मूळ रहिवासी रक्ताचा हिस्सा, पोस्ट ऑफिस, आणि खाली आईवडिलांची नावं असतात. कार्डाचा नंबर वेगळा आणि रोल नंबर वेगळा, हे दोन्ही सगळे लोक उलटसुलट करतात, मीही केलंय. मग वाटणीची फाइल, तिच्यात सेक्शनच्या पाव, पावाच्या पाव अशा तुकड्यांत जमिनीचं वर्णन. त्यावरून टाउनशिपच्या वाटणी-नकाशावर बघायचं, तिथे प्रत्येक तुकड्यावर नाव.

पण थांबा. वाटा ३२० एकर म्हणतात तो सरासरी प्रतीच्या जमिनीचा. जमीन किमतीवर वाटली, काळी कसदार असेल तर एकर कमी, खडकाळ असेल तर जास्त. आणि एकाच माणसाचे तुकडे विखुरलेले, घराजवळ १६० एकर आणि बाकीचं तीस मैलांवर कुरण, शिवाय चिकसॉ माणूस चोक्टॉ नेशनमध्येही वाटा घेऊ शकायचा. तेव्हा नकाशावर नाव दिसलं म्हणजे तिथे चूल होती असं नाही. लहान मुलांच्या नावावरही वाटे होते, दोन वर्षांची मुलगी काय तिथे शेती करत होती का. पोस्ट ऑफिस ज्या तुकड्याजवळ येतं तिथे राहत असतील असं धरायचं आणि दुसऱ्या कागदाने पडताळायचं.

रोलवर नसलेल्या कुळांसाठी मी काय केलं ते सांगते. १९०० च्या जनगणनेतला टाउनशिप घेतला, त्याच पानावरचे शेजारी बघितले, त्यातले जे चिकसॉ होते त्यांचे वाटे नकाशावर मांडले, आणि आमचे लोक त्यांच्या मधे कुठेतरी. मालकावरून कुळाचा पत्ता! नेमकं शेत नाही मिळालं, पण एका ओढ्याच्या दोन मैलांच्या आत आलो.

आमचे पूर्वज फ्रीडमेन होते. नकाशा उपयोगी पडेल?

पडेल, आणि कदाचित सगळ्यात जास्त. चिकसॉ नेशनने त्यांना नागरिक म्हणून कधी सामावून घेतलं नाही, तरी डॉझ कमिशनने वेगळा रोल केला आणि माणशी ४० एकर दिले. त्यांच्या कार्डावर आधीच्या मालकाचं नाव असतं, वाचताना पोटात कालवतं, पण तोच धागा मागे नेतो : मालकाचं घर १८५०-६० मध्ये कुठे होतं ते नकाशावर सापडलं की तुमच्या माणसांची जागा सापडली, आणि तो मालक मिसिसिपीहून आलेला असेल तर १८३४ च्या वाट्यापर्यंत जाता येतं. १८६० ला गुलामांची वेगळी यादी केली होती, त्यात मालकाचं नाव, पण गुलामांचं नाव नाही, वय, लिंग, वर्ण असंच.

गाव नकाशावर नाहीच. खोटं सांगितलं का आजीने?

आजी खोटं नाही बोलत. गावं उठली. १८८७ मध्ये सांता फे रेल्वे आली, आर्डमोर, पर्सेल उभी राहिली आणि रुळापासून लांबची वस्ती दुकानासकट रुळाकडे सरकली, कधी जुनंच नाव घेऊन. कितीतरी "गावं" म्हणजे एक दुकान आणि त्यात पोस्टाची पेटी, पोस्ट बंद झालं की नाव पुसलं. आणि काही पाण्याखाली आहेत, डेनिसन धरण १९४४ ला झालं आणि टेक्सोमा तलावात जुनं वुडव्हिल, एल्सवर्थ बुडाली. उजनी, कोयनेच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी धरणाच्या आधीचा सरकारी टोपो नकाशा काढा.

जुना नकाशा आजच्या गुगल मॅपवर बसवता येतो का?

येतो. स्कॅन घ्या, दोन्हीकडे असलेल्या चार-पाच जागा जुळवा, पारदर्शकता कमीजास्त करा. इंटरनेटवरच्या डेव्हिड रम्सी नकाशा-संग्रहातल्या पुष्कळ नकाशांना ही सोय तिथल्या तिथे आहे. जुळवायला नदी घेऊ नका! रेड रिव्हर आणि वॉशिता पात्र बदलतात. सेक्शनचे कोपरे घ्या, तिकडचे खेड्यातले रस्ते आजही सेक्शनच्या रेषेवरूनच जातात.

चिकसॉंनी स्वतः काढलेले नकाशे आहेत का?

आहेत ना, आणि माझे सगळ्यात आवडते. १७२३ च्या सुमाराचा हरणाच्या कातड्यावरचा एक, दक्षिण कॅरोलायनाच्या गव्हर्नरला दिलेला, आज त्याची फक्त नक्कल उरलीय. १७३७ चा दुसरा, तोही द बाट्झ नावाच्या फ्रेंच माणसाने नकलून घेतलेला. गोल म्हणजे राष्ट्रं, रेषा म्हणजे वाटा, कोण मित्र कोण शत्रू ते त्यातच. अंतर मैलात नाही, नात्यात. घराण्याच्या शोधाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, तरी बघाच.

डीएनए टेस्टने काम होईल?

नाही. चिकसॉ नेशनचं नागरिकत्व डॉझ रोलवरच्या चिकसॉ पूर्वजापासून कागदोपत्री वंश दाखवून मिळतं.

खर्च किती?

नकाशांचा जवळपास शून्य. वाटणीच्या फाइलीची प्रत मागवली तर थोडे डॉलर. वेळेचं विचारू नका.

प्रत्यक्ष जाऊन बघायचंय, काय नेऊ?

छापील नकाशा, कारण मोबाइलला रेंज नसते. आधी सल्फर गावात चिकसॉ कल्चरल सेंटर आहे तिथे जा, शेजारी होलिस्सो नावाचं अभ्यास केंद्र आहे, माणसं मदत करतात. शेतं खाजगी आहेत, विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही, दफनभूमी असली तरीही. आम्ही गेलो तेव्हा ओढ्याशेजारच्या घराचं दार वाजवलं, एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, मी त्यांना १९०० चं पान आणि नकाशा दाखवला तर त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले की ओढ्याला हे नाव आता कुणी वापरत नाही, पण त्यांची आई वापरायची. मग नातवाला ट्रॅक्टरवर बसवलं.